फोटो न्यायचा तर काचेसकट न्या

नानांच्या वर्षश्राद्धाला लावण्याजोगा एकच फोटो घरात होता. 1976 चा, कृष्णधवल. सातारा स्टँडवर एसटीला टेकून उभे, खाकी गणवेश, छातीवर बिल्ला, खांद्याला पैशांची चामडी पिशवी, हातात तिकीट टोचायचा चिमटा. पण पावसाळ्यांच्या ओलीनं तो काचेलाच चिकटलेला. डाव्या बाजूला बुरशी.

आधी भावानं मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये टाकून पाहिला. नाक सरळ झालं, गाल गुळगुळीत आणि बिल्ल्याच्या जागी फूल. मग एका दुकानात दिला, तर त्यांनी न विचारता कोट-टाय चढवला. आजी बघून म्हणाली, "ह्यो कुठला बँकेचा साहेब आणलास गं?"

शेवटी मिरजेत, मार्केटमागच्या बोळातल्या जुन्या स्टुडिओत गेले. मालक साठीचे. काच सोडवायला मी नख लावलं तर जवळजवळ ओरडलेच. ओढली असती तर फोटोचा वरचा थरच काचेबरोबर आला असता. त्यांनी काचेसकटच कॅमेऱ्यानं फोटो काढला, चमक येऊ नये म्हणून दोन बाजूंनी तिरका उजेड देऊन. मग पहिला प्रश्न: "हे काय करायचे?"

कंडक्टर, म्हटलं. 1971 ते 2006. पहिली एसटी 1 जून 1948 ला नगर-पुणे धावली, नानांचा जन्मही त्याच साली, म्हणून स्वतःला एसटीचा जुळा भाऊ म्हणायचे. निवृत्तीनंतरही जेवायला बोलवताना ताटावर चमच्यानं टिक टिक करायचे आणि उशीर झाला की "चला, मागे सरका, जागा आहे!"

मालकांनी बिल्ल्यावरचे आकडे भिंगातून वाचले. शेवटचा दिसेना, तर अंदाजानं भरला नाही, अस्पष्टच ठेवला. मला हे फार आवडलं. रंग भरायलाही तयार नव्हते. "खाकीची नेमकी छटा तुम्हाला आठवते?" नव्हती आठवत.

तक्रारी आहेत. आठवडा सांगून सतरा दिवस लावले, श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी फोटो हातात आला. फ्रेमचे पैसे वेगळे, हे आधी बोलले नव्हते. एकूण 1,850 रुपये झाले. पण मॅट कागद वापरलाय, आणि काच पुन्हा चिकटू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घातली आहे. उन्हाच्या भिंतीवर लावू नका, हे दोनदा बजावलं.

फोटोच्या कडेला नानांच्या खांद्यावर एक हात आहे, माणूस कापला गेलेला. काढून टाकू का, असं त्यांनी फोनवर विचारलं. मी आजीला विचारलं.

"तो डायवर हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. गाडी काय ह्यांनी चालवली व्हय?"

दुकान दुपारी 1 ते 4 बंद असतं.