ध्यानाला बसायला रंकाळा की मसाई पठार?

योगाभ्यासाची जागा कशी असावी, हे श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं सांगितलंय: सपाट, स्वच्छ, खडे-वाळू-विस्तव नसलेली, डोळ्यांना न खुपणारी, वाऱ्यापासून आडोसा असलेली. कोल्हापुरात ही यादी घेऊन निघालं की दोन ठिकाणं समोर येतात.

रंकाळा घराजवळ. पाणी आहे, संध्यामठ आहे, पहाटे काठाला बगळे असतात. पण उजाडलं की फिरायला आलेल्यांचे मोबाईल गाऊ लागतात आणि "काय पाव्हणं, योगा काय?" असं कुणीतरी विचारतंच. संध्याकाळचं तर नावच काढू नका. भेळेच्या वासापुढं प्रत्याहार, म्हणजे इंद्रियांना विषयांपासून आत वळवणं, टिकत नाही.

मसाई पठार पन्हाळ्याच्या पलीकडं. १६६० च्या पावसाळ्यात शिवाजी महाराज विशाळगडाकडं गेले ती वाट इथूनच जाते. सपाटी भरपूर, माणूस क्वचित. भाद्रपदात ओल्या कातळावर सीतेची आसवं फुलतात, बोटभर उंचीची, जांभळी. त्यातलं एक फूल जरी नीट पाहत बसलं तरी मन जाग्यावर राहतं. पतंजलींनीही योगसूत्रांच्या पहिल्या पादात 'यथाभिमतध्यानाद्वा' म्हणत मुभा दिलीय, रुचेल त्याचं ध्यान करा. आडोसा मात्र नाही, वारा भणाणतो. आणि फुलं तुडवून आसन घालायचं म्हणजे अहिंसेलाच फाटा (ही वनस्पती स्वतः कीटक खाते, पण तो तिचा प्रश्न).

रोजच्यासाठी मी रंकाळाच सांगेन. सूत्रकारांना अभ्यास दीर्घकाळ आणि अखंड हवाय; पठारावर रोज जाणं कुणाला परवडतंय? तिकडं भाद्रपदातल्या रविवारी जावं, उघड्या डोळ्यांनी.