उलुरू ते पर्थ: लाल मातीचा रस्ता की डांबरी वळसा?

पर्थला राहायला आल्यापासून दर मे महिन्याच्या सुमाराला कुणीतरी विचारतंच, "उलुरूहून गाडीनं थेट तुमच्याकडे येता येतं ना? नकाशात तर सरळ रेघ दिसते."

येतं. ती रेघ म्हणजे ग्रेट सेंट्रल रोड: उलुरू या ऑस्ट्रेलियाच्या मधोमधच्या प्रचंड लाल खडकाजवळचं गाव युलारा ते पर्थच्या बाजूचं लॅव्हरटन, साधारण ११०० किलोमीटर. डांबरीकरण टप्प्याटप्प्यानं चाललंय, पण बराच भाग अजून कच्चाच आहे. दुसरी वाट म्हणजे स्टुअर्ट हायवेनं दक्षिणेला पोर्ट ऑगस्टापर्यंत उतरायचं आणि नलारबॉरचं माळरान ओलांडून पश्चिमेला यायचं. पहिल्या वाटेनं पर्थ सुमारे २१०० किलोमीटर पडतं, दुसरीनं ३६००.

पण दीड हजार किलोमीटर वाचतात एवढ्याच कारणासाठी पहिली वाट धरू नका. कच्चा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा असतो, गाडी खडखडत जाते आणि सूर्य मावळायच्या आत थांबावंच लागतं, कारण अंधारात कांगारू आणि उंट आडवे येतात. पर्थ गाठायला चार-पाच दिवस धरा. डांबरी वाटेनं सहा-सात. म्हणजे वाचले दोन दिवस, आणि एक जोराचा पाऊस झाला, रस्ता बंद झाला, की तेही गेले.

खरा फरक परवान्यात आहे. ग्रेट सेंट्रल रोड ॲबोरिजिनल लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, जमिनीतून जातो. उलुरूकडचा, नॉर्दर्न टेरिटरीतला तुकडा १९७६ च्या भूमिहक्क कायद्याखाली येतो, त्याचा परवाना सेंट्रल लँड कौन्सिल देते. हद्द ओलांडली की न्गान्याचारा लोकांचा मुलूख, तिथला परवाना वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या पर्थच्या राज्याचा, वेगळा. दोन्ही मोफत, दोन्ही आधीच काढायचे. आपल्याकडचे लोक याकडे आणखी एक फॉर्म म्हणून बघतात. मला तो दारावरच्या कडीसारखा वाटतो, वाजवून आत जायचं.

आणि हा परवाना फक्त 'पलीकडे जाण्याचा' असतो. मुख्य रस्ता सोडून भटकायचं नाही, वस्तीत गाडी घालून फोटो काढत फिरायचं नाही. दारू चालत नाही. अंत्यविधी किंवा दुसरे विधी चालू असले तर एखादी वाट बंदही मिळेल, तिथं हुज्जत घालायची नाही. "आदिवासी संस्कृती जवळून बघायची" म्हणून हा रस्ता निवडणाऱ्यांची इथंच फसगत होते. वाटेतल्या वॉर्बर्टन वस्तीतलं चुल्युरू कलादालन बघता येतं, तेही कामाच्या दिवशी पोचलात तर. डॉकर रिव्हर नावाच्या वस्तीच्या अलीकडे लॅसेटरची गुहा आहे. सोन्याच्या शोधात निघालेला हा माणूस १९३१ मध्ये तिथं आसऱ्याला होता. बाकी दिवसभर लाल माती, डेझर्ट ओकची झाडं आणि आभाळ. मला तेवढं पुरतं. तुम्हाला पुरेल का, हे आधी ठरवा.

गाडीचं म्हणाल तर फोर व्हील ड्राइव्ह, दोन स्टेपन्या, भरपूर पाणी आणि सॅटेलाइट फोन. बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा. कच्च्या रस्त्याची लेखी मुभा नसेल तर विमा कामाला येत नाही. युलाराहून वाराकुर्नाचा पंप सुमारे ३३० किलोमीटर, पुढचे पंप त्याहून थोड्या कमी अंतरावर, आणि ते रात्रभर उघडे नसतात. पेट्रोल मिळतं ते 'ओपल' नावाचं. साधं पेट्रोल हुंगून नशा करणाऱ्या पोरांचे जीव जात होते, म्हणून २००५ पासून नशा आणणारी रसायनं (ॲरोमॅटिक्स) फार कमी असलेलं हे इंधन आणलं. पेट्रोलच्या गाड्यांना ते चालतं, डिझेलवाल्यांना प्रश्नच नाही.

डांबरी वाटेवर दुसरं ओपल भेटतं, कूबर पेडीच्या खाणींतलं रत्न. एका रस्त्यावर ओपल टाकीत भरायचं, दुसऱ्यावर बोटात घालायचं. या वाटेला साधी गाडी चालते, परवाना लागत नाही, आणि आईवडील बरोबर असतील तर मी दुसरा विचारच करणार नाही. बेफिकीर मात्र राहू नका. कूबर पेडी ते ग्लेंडॅम्बो अडीचशे किलोमीटरमध्ये पंप नाही. नलारबॉरवर एके ठिकाणी १४६ किलोमीटर रस्ता वळतच नाही. चालकाला डुलकी लागायला एवढं पुरे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर फळं, बऱ्याच भाज्या आणि मध काढून घेतात. चिवडा वाचतो.

गंमत म्हणजे या मातीशी ओळख व्हायला मला डांबरी वाटच जास्त उपयोगी पडली. नलारबॉरच्या समुद्रकाठी हेड ऑफ बाइटला जून ते ऑक्टोबर कड्यावरून देवमासे आणि त्यांची पिल्लं दिसतात. ती जागा यालाटाच्या लोकांच्या भूमीवर आहे. १९५२ मध्ये ऊल्डियाचं ख्रिस्ती मिशन बंद पडलं आणि तिथल्या लोकांना यालाटाला हलवलं. त्यांच्या मूळ मुलखात, मारालिंगाला, १९५६ ते १९६३ ब्रिटिशांनी अणुचाचण्या केल्या. हे ठाऊक असलं की ते ओसाड माळरान नुसतं ओसाड वाटत नाही. आणि पोर्ट ऑगस्टाला चहाला थांबलात तर लक्षात ठेवा, १८६६ मध्ये याच बंदरात कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांचे उंटवाले उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. कच्च्या रस्त्यावर आडवे येणारे उंट अशाच उंटांचे वंशज.

परतीचं विमान ठरलेलं असेल, पहिल्यांदाच येत असाल, तर नलारबॉर. हाताशी चार-पाच दिवस जादा, सोबतीला दुसरी गाडी, आणि तारीख मे ते सप्टेंबरमधली असेल, तर मातीचा रस्ता. एकट्या गाडीनं आणि इथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) नको, कितीही अनुभव असला तरी.

दोन्ही झेपत नसेल तर पर्थचा हट्ट सोडा. ॲलिस स्प्रिंग्जहून हर्मन्सबर्गमार्गे किंग्ज कॅनियनला जाणारा मेरीनी लूप घ्या. त्याचा परवाना किरकोळ पैशांत मिळतो, आणि वाटेतल्या हर्मन्सबर्गला १९०२ मध्ये जन्मलेल्या ॲबोरिजिनल चित्रकार अल्बर्ट नामाचिरानं जलरंगांत रंगवलेले डोंगर खिडकीतून दिसत राहतात.