अर्टिगासाठी ऑइल फिल्टर घेताना मी काय बघतो

चोपड्याला माझी पेट्रोल-सीएनजी अर्टिगा भाड्याने चालते. रोजचं जळगाव, शिरपूर; लग्नसराईत कन्नड घाट चढून संभाजीनगर. मे महिन्यात पारा 44 च्या वर, आणि आडरस्त्याला लागलं की काळ्या मातीचा फुफाटा. अशा गाडीला फिल्टर कोणता घालायचा, हे स्टँडवरची पोरं नेहमी विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सध्या मारुतीचा जेन्युइन फिल्टर आहे आणि माझा कौल त्यालाच. पुरोलेटर आणि बॉशचेही वापरलेत, तक्रार नाही. सांभाळायचं ते तिसऱ्या प्रकाराला: चकचकीत पेटी, ओळखीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे, आणि काउंटरवरून "तोच माल आहे भाऊ, घेऊन जा."

असा एक फिल्टर आमच्या मिस्तरीने आरी-ब्लेडने कापला आणि शेजारी माझ्या गाडीतून काढलेला मारुतीचा जुना फिल्टर कापून ठेवला. मारुतीच्या डब्यात कागदाच्या घड्या दाट, एकसारख्या, दोन्ही टोकांना पक्क्या चिकटलेल्या. दुसऱ्यात घड्या विरळ, बोट लावलं की सरकत होत्या, आणि जोडावर डिंक सुटून करंगळीचं नख जाईल एवढी फट. मिस्तरी म्हणाला, "दादा, हाऊ फिल्टर शे का डबडं?" त्या फटीतून तेल गाळलं न जाता सरळ बेअरिंगकडे जाणार. चांगला फिल्टर 20-25 मायक्रॉनचे कण अडवतो, माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. तिथे नखाएवढ्या फटीचं काय करायचं?

दुकानात फिल्टर कापता येत नाही, पण तळाच्या भोकांतून आत बघता येतं. तिथे रबराची चकती दिसते. इंजिन बंद केल्यावर तेल फिल्टरमधून मागे उतरू नये म्हणून ती असते. काडीने हलकेच दाबा. मऊ असावी, लगेच जागेवर यावी. इंजिनाच्या उष्णतेने हलकं रबर कडक होतं, मग सकाळी पहिल्या स्टार्टला तेल वर पोचेपर्यंत इंजिन खडखडतं. ती खडखड ऐकून टायमिंग चेन बदलायचा खर्च सांगणारेही भेटतात. आधी फिल्टर बघा.

आणखी एक, आटे बसले म्हणजे फिल्टर बसला असं समजू नका. आत बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद तुंबला तर तो उघडतो आणि इंजिनाला निदान न गाळलेलं तरी तेल मिळतं. तो किती दाबाला उघडावा हे इंजिनागणिक ठरलेलं असतं, त्यामुळे पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

मी जळगावात अजिंठा चौफुलीजवळच्या एका दुकानातून घेतो. तो गडी पेटी उघडून देतो, होलोग्राम, पार्ट नंबर, महिना-वर्ष, एमआरपी सगळं बघू देतो आणि न मागता पक्कं बिल देतो. जो पेटी उघडू देत नाही त्याच्याकडून मी घेत नाही. इंजिनात हजार-बाराशेचं तेल ओतायचं आणि फिल्टरवर पन्नास रुपये वाचवायचे, हे मला पटत नाही.

बसवताना जुनं गॅस्केट, म्हणजे फिल्टरच्या तोंडाची रबरी रिंग, इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. एकावर एक दोन गॅस्केट बसली तर दाबाने तेल बाहेर फेकलं जातं. नव्या गॅस्केटला तेलाचं बोट लावायचं, ते टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवायचा आणि मग साधारण पाऊण फेरा. पाना लावून आवळणाऱ्याला थांबवा.

बदलायचं अंतर मारुती 10,000 किलोमीटर सांगते. पण मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळा, लवकरचा तक्ता आहे. खेडोपाडी गाडी फिरत असेल तर आपल्याला तोच लागू. एअर फिल्टरही त्याच वेळी झाडा किंवा बदला, कारण धूळ इंजिनात शिरते ती तिथून. तो फाटका असेल तर ऑइल फिल्टर किती पुरा पडणार?

1.3 डिझेल डिझायर-स्विफ्टवाल्यांनी यातलं डब्याचं सोडून द्यावं. तुमच्याकडे इंजिनावरच्या झाकणाच्या घरात बसणारं नुसतं कागदी एलिमेंट असतं, त्याच्याबरोबर झाकणाची ओ-रिंगही (गोल रबरी रिंग) नवीन लागते. पाकिटात ओ-रिंग नसेल तर ते पाकीट परत करा.