अठ्ठेचाळीस हजारांचा क्लास, हजार रुपयांची परीक्षा आणि लायब्ररीतल्या दुपारी : दोन वर्षांचा अनुभव

आधी हिशोब सांगते. कॉलेजात असताना नोकरीसाठी आणि अभ्यासासाठी म्हणून मी पाच गोष्टी वापरल्या. एक ऑनलाइन ‘जॉब गॅरंटी’ क्लास, फी ४८,००० रुपये. एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन व्याख्यानांचा कोर्स, परीक्षेचे १,०००. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ, फुकट. कॉलेजचा प्लेसमेंट सेल, तोही फुकट. आणि ‘कमवा व शिका’, कॉलेजातच काम करायची योजना, जिथे उलट मलाच पैसे मिळाले. आज मी अप्रेंटिस म्हणून कामाला आहे. त्यात कोणाचा किती वाटा, हे कॉलेजात असताना मला सांगता आलं नसतं.

क्लासपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्याबद्दलच येतात. नाव लिहिणार नाही. नाव बदलून असे पन्नास आहेत.

जानेवारी २०२३. मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला, नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. इन्स्टावर जाहिरात बघून नंबर टाकला आणि दहाव्या मिनिटाला फोन. ‘करिअर काउन्सेलर’ म्हणवणारी ताई पाऊण तास बोलली. आधी माझं स्वप्न काय ते विचारलं, मग पप्पा काय करतात ते. पप्पांचा छोटा हत्ती आहे, बाजार समितीतून कांदा वाहतात. तर म्हणे, “पप्पांनी अजून किती वर्षं गोण्या उचलायच्या?” हे वाक्य तिच्यासमोरच्या कागदावर लिहिलेलं असणार, हे आता कळतं. तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. सवलत त्याच रात्री बारापर्यंत. पप्पांचं पॅन, आधार, एक ओटीपी, आणि महिना दोन हजारांचे चोवीस हप्ते. ‘नो कॉस्ट ईएमआय.’

पहिले सहा आठवडे खरंच बरे होते. लाइव्ह शिकवायचे, शंका घ्यायचे. सातव्या आठवड्यापासून रेकॉर्डिंग सुरू झालं. मेंटॉर तीनदा बदलला. तिसऱ्याला माझं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं, तो सगळ्यांनाच ‘चॅम्प’ म्हणायचा. मॉक इंटरव्ह्यू म्हणजे स्क्रीनवर प्रश्न येणार, आपण कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं, शेवटी ‘आत्मविश्वास ७२ टक्के’ असा आकडा. उत्तर बरोबर की चूक, ते कुणी सांगायचं नाही.

गॅरंटीच्या अटी मी नंतर वाचल्या. हजेरी ८० टक्के, सगळ्या असाइनमेंट वेळेत, ते सांगतील त्या प्रत्येक जागेला अर्ज, देशात कुठेही जायची तयारी. एक अट चुकली की गॅरंटी गेली. विद्यापीठाच्या परीक्षेच्या महिन्यात माझी हजेरी ८० च्या खाली आली आणि तिथेच तो विषय मिटला.

ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांनी एवढं नीट वाचा. हप्ता क्लासला जात नाही, कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीला जातो. कंपनीने आपलं व्याज कापून क्लासला सगळी रक्कम सुरुवातीलाच दिलेली असते; ‘नो कॉस्ट’ म्हणजे ते व्याज फीमध्येच बसवलेलं. त्यामुळे क्लास सोडला तरी कर्ज सुटत नाही, आणि हप्ता चुकला तर सिबिल पप्पांचं खराब होतं. रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम सप्टेंबर २०२२ मध्ये आले. त्यात ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा, कर्जाचा खर्च आणि अटी सांगणारा कागद आधी द्यायला सांगितलं आहे, आणि कर्ज घेतल्यावर थोडे दिवस ‘कूलिंग-ऑफ’ची मुदत आहे. त्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं की दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मला हे कळलं चौथ्या महिन्यात. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला, तक्रार नोंदवली. क्लासकडून उत्तर आलं की परताव्याची मुदत सात दिवस होती. बस.

एक मात्र मान्य करायला हवं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा, मी पहिल्यांदा तिथेच लिहिलं, त्या चांगल्या सहा आठवड्यांत. ४८ हजारांचं एसक्यूएल.

एनपीटेलकडे मी रागाच्या भरात गेले. जुलैत थर्ड इयर सुरू झालं तेव्हा सरांनी वर्गात सांगितलं, आयआयटी खरगपूरचा डेटाबेसचा कोर्स आहे, आठ आठवड्यांचा, ज्याला करायचा त्याने करा. व्हिडिओ बघायला आणि असाइनमेंट सोडवायला एक पैसा लागत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी, माझ्या वेळी एक हजार. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी.

रचना अशी: आठवड्याला पाच मॉड्यूल, एकेक साधारण अर्ध्या तासाचं, आणि एक असाइनमेंट. आठांपैकी सर्वांत चांगल्या सहा धरतात, त्यांचे २५ गुण. केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. पास व्हायला दोन्हीकडे वेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. म्हणजे मैत्रिणीच्या असाइनमेंट छापून काम भागत नाही. पुढे ६० ला ‘एलिट’, ७५ ला रौप्य, ९० ला सुवर्ण.

सोपं नाही, हे आधीच सांगते. व्याख्यानं इंग्रजीत. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, पहिले दोन आठवडे प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघितला. नॉर्मलायझेशन, म्हणजे माहिती टेबलांत नीट विभागून मांडणं, कॉलेजमध्ये आम्ही व्याख्या पाठ करून ओलांडलं होतं. इथे पाच-सहा अक्षरांचं एक रिलेशन, म्हणजे टेबल, आणि खाली चार डिपेन्डन्सी (कशावरून काय ठरतं ते) देऊन विचारतात, कॅन्डिडेट की, म्हणजे ओळ नेमकी ओळखू देणारे कॉलम, किती? पाठांतर तिथे काही कामाचं नाही, कागद घेऊन कुठल्या अक्षरावरून काय काय मिळतं ते, म्हणजे क्लोजर, काढत बसावं लागतं. चौथ्या आठवड्यात गौरी आल्या घरी, पाचव्यात मी आजारी, दोन असाइनमेंट गेल्या. सहाच धरतात म्हणून वाचले.

परीक्षा नाशिकला, सकाळी नऊची. पहाटे साडेपाचची एसटी. त्याच वर्षी मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे आईपण आली सोबत. सिन्नरपर्यंत ती झोपलेली आणि मी मोबाईलवर बी प्लस ट्रीचा धडा बघतेय. केंद्रावर हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, आणि कच्च्या कामाला कागद. तीन तास. आई बाहेर पायरीवर बसून होती, बाहेर आले तर म्हणाली, “झालं का? चल, आधी काहीतरी खा.” असाइनमेंटचे २१, परीक्षेचे ४६, एकूण ६७. एलिट. प्रमाणपत्र पीडीएफमध्ये येतं, फोटो आणि गुणांची फोड सकट.

पण खरं सांगू का, त्या प्रमाणपत्राकडे पुढे कुणी बघितलं नाही.

आता लायब्ररी. ‘कमवा व शिका’त मला ग्रंथालय मिळालं. काही जणी बागेत होत्या, काही ऑफिसात. तासावर पैसे, दुपारचे दोन-तीन तास. हाताला लागणारे पैसे थोडेच, पण बसचा पास आणि झेरॉक्स त्यातून सुटायची. घरी दोन हजारांचा हप्ता चालू असताना ते थोडं नव्हतं.

आमच्या ग्रंथालयात ‘कोहा’ नावाचं सॉफ्टवेअर आहे. मुक्त स्रोत, न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं. नाव माओरी भाषेतलं, अर्थ ‘भेट’. माझं काम होतं जुन्या रजिस्टरातली पुस्तकं त्यात चढवायची. कंटाळवाणं काम. दाखल क्रमांक, लेखक, किंमत, पुढचं पुस्तक. ग्रंथपाल सरांना दर महिन्याला थकबाकीची यादी लागायची, ती ते हाताने काढायचे. मी आधी कॅल्कमध्ये, एक्सेलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, करून दिली. कॅल्क स्पोकन ट्युटोरियलवरून शिकले होते. ते मराठीत आहेत. दहा-दहा मिनिटांचे तुकडे, अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर उघडं ठेवायचं, थांबवायचं, करून बघायचं, पुढे जायचं. बाई संथ बोलतात, सुरुवातीला चिडचिड होते, पण मागे पडायला होत नाही. पायथॉन, लिनक्स, जावा असे बरेच विषय आहेत. ज्याचं इंग्रजी अडतं त्याने सुरुवात इथूनच करावी, एनपीटेल नंतर.

मग एक दिवस कोहाच्या मेनूत ‘रिपोर्ट्स’ दिसलं, आणि आत चक्क एसक्यूएल लिहायची चौकट. त्यात फक्त सिलेक्ट, म्हणजे माहिती बघणं, चालतं, काही पुसता-बदलता येत नाही, म्हणून सरांनी निर्धास्तपणे हात लावू दिला. इश्यूज टेबल (दिलेली पुस्तकं), बॉरोअर्स टेबल (घेणारे), आयटम्स टेबल (ग्रंथालयातली पुस्तकं). खरगपूरच्या व्हिडिओतल्या टेबलांत विद्यापीठ आणि प्राध्यापक असायचे, इथे आमच्याच वर्गातली मुलं होती, कोणाकडे कुठलं पुस्तक किती दिवस अडकलंय ते. जॉइन, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडणं, काय असतं ते मला त्या दुपारी कळलं.

सर खूश. म्हणाले, “आता मला सांग, आपल्याकडची कुठली पुस्तकं एकदाही बाहेर गेलेली नाहीत?” मी आयटम्सला इश्यूज लेफ्ट जॉइन लावला, जिथे काही सापडत नाही ती पुस्तकं काढली, आणि यादी आली जवळपास अख्ख्या ग्रंथालयाची. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “अगं, हे पुस्तक तर तू स्वतःच मागच्या महिन्यात नेलं होतंस.” परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी इश्यूजमधून निघून ओल्ड इश्यूज नावाच्या दुसऱ्या टेबलात जातात, हे मला माहीतच नव्हतं. तोही जॉइन लावल्यावर यादी माणसात आली.

प्लेसमेंट सेलचा अनुभव मिश्र आहे. आमच्याकडे सेल म्हणजे एक खोली, एक कपाट आणि एक मॅडम, ज्या दिवसाचे चार तासही घेतात. कंपन्या कॅम्पसला येत नाहीत, नोटीस बोर्डावर जिल्ह्याच्या ठिकाणच्या मेळाव्यांची पत्रकं असतात. त्यातले दोन मेळावे मी केले, दोन्हीकडे विमा विकायच्या नोकऱ्या. मॅडमकडे बायोडाटा घेऊन गेले ते डिसेंबरात, तोही दोन वेळा टाळून.

बायोडाटा क्लासने दिलेल्या साच्यात होता, दोन रंगांत, कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे. मॅडमनी लाल पेन काढलं. तारे खोडले. ‘डायनॅमिक टीम प्लेअर’ खोडलं. छंद वाचन, तेही खोडलं. खालची ‘मी प्रमाणित करते की’ ही ओळ खोडली. पान जवळजवळ रिकामं झालं आणि मला रडू यायच्या बेतात होतं. मग विचारलं, “रोज दुपारी लायब्ररीत दिसतेस. काय करतेस तिथे?”

मी म्हटलं, “काही नाही मॅडम, कमवा-शिकाचं काम.”

“काही नाही म्हणजे?”

सांगितलं. रिपोर्टचं, थकबाकीच्या यादीचं, न गेलेल्या पुस्तकांचं. मॅडम दोन सेकंद गप्प. मग बायोडाटा उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘हे सगळ्यात वर’. आणि म्हणाल्या, “हे लपवून काय ठेवलंस? लाज वाटते होय कमवा-शिकाची?” वाटायचीच. वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. अठ्ठेचाळीस हजारांत कुणी एकदाही विचारलं नव्हतं की दुपारी तू काय करतेस.

अप्रेंटिसशिपची माहितीही त्यांचीच. एनएटीएस हे केंद्र सरकारचं पोर्टल, पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठी, एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी. माझ्या वेळी, २०१९ च्या नियमांप्रमाणे, पदवीधराला किमान ९,००० विद्यावेतन होतं, त्यातले निम्मे सरकार द्यायचं. नोकरी नव्हे, वर्षानंतर ठेवतीलच असं नाही, आणि पुण्यात राहायचं तर नऊ हजारांत ओढाताण होते, हे धरून चाला. पण अनुभवाचं पत्र खरं असतं.

मुलाखत नाशिकच्या एका कारखान्यात, त्यांच्या स्टोअरच्या संगणक विभागासाठी. समोर दोघे. एकाने बायोडाटा वाचून विचारलं, “एकदाही न उचललेलं मटेरियल शोधायचं असेल तर?” मी पुस्तकांचं सांगितलं. ओल्ड इश्यूज विसरले होते तेही सांगितलं. ते दुसऱ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “आमच्याकडे पण हेच झालं होतं, जुन्या वर्षाचा डेटा वेगळ्या टेबलात.” एलिटचं प्रमाणपत्र फाइलमध्येच राहिलं. पण तो कोर्स केला नसता तर लायब्ररीतली ती चौकट मी उघडलीच नसती, त्यामुळे हजार रुपये वाया गेले असंही म्हणवत नाही.

तारेच द्यायचे तर, मॅडमनी खोडले तसे खोडायला तयार राहून: एनपीटेलला चार. स्पोकन ट्युटोरियलला चार. सेलला तीन, मॅडमना पाच. ‘कमवा व शिका’ला पाच, पण त्यात निम्मे ग्रंथपाल सरांचे, माझी मैत्रीण बागेत होती, तिला झारी धरण्यापलीकडे काही मिळालं नाही. क्लासला एक, त्या सहा आठवड्यांसाठी.

ऑगस्टपासून कामावर आहे. क्लासचा शेवटचा हप्ता येत्या पाच तारखेला. एसएमएस अजून पप्पांच्याच फोनवर येतो, पैसे चार महिन्यांपासून मी भरते.