१५ तुकड्यांचा माणूस: मॉडेलला ३ स्टार, मटणवाल्या मामांना ५

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही की शिक्षिका नाही, पोरगी आठवीत आहे एवढंच माझं क्वालिफिकेशन. विज्ञानाच्या पुस्तकात 'मानवी शरीर व इंद्रिय संस्था' असा धडा आहे, तो पाठ करता करता ती एक दिवस म्हणाली, आई आकृती काढता येते गं मला पण हे सगळं आत एकमेकात बसतं कसं तेच कळत नाही. झालं. रात्री अकरा वाजता मोबाईल घेऊन बसले आणि मानवी शरीराचं मॉडेल मागवलं. २८ सेंटीमीटर उंच, हात नाहीत, कंबरेखाली काही नाही, पोट उघडं, १५ सुटे पार्ट, १३४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तसलंच मॉडेल दहा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फोटोसुद्धा तोच.

पाच दिवसांत आलं. पॅकिंग चांगलं होतं, थर्माकोलचे खाचे, प्रत्येक अवयव वेगळ्या पिशवीत. प्लास्टिकचा वास मात्र एवढा की दोन दिवस गॅलरीत ठेवावं लागलं आणि समोरच्या काकू रोज विचारायच्या, अगं ते काय वाळत घातलंयस. मोजले तर पार्ट १४च. परत मोजले, डब्यात हात घालून बघितलं, १४च. यादी लावल्यावर कळलं की प्लीहा आलीच नाही. प्लीहा म्हणजे आपली पानथरी, डाव्या बाजूला बरगड्यांखाली असते ती. तिची गोष्ट पुढे सांगते.

चांगलं काय ते आधी, उगाच नुसती नावं ठेवायला नको. अवयव बसवायला एक क्रम लागतो आणि तो क्रम चुकला की झाकण लागत नाही, हे मला फार आवडलं. आतडी आधी, मग जठर, मग त्याच्यावर यकृत, उलटं केलं तर यकृत अर्धं बाहेर. यकृत केवढं मोठं असतं हे पुस्तकातल्या आकृतीत अजिबात कळत नाही हो, खऱ्या माणसात जवळजवळ दीड किलोचं धूड आहे ते, उजवी बाजू सगळी अडवून बसलेलं, त्याच्यामुळेच उजवी किडनी डावीपेक्षा जरा खाली असते आणि मॉडेलमध्ये ते बरोबर दाखवलंय. उजव्या फुफ्फुसाला तीन भाग, डाव्याला दोनच आणि हृदयासाठी खाच, तेही बरोबर. हृदय मधून उघडतं, चार कप्पे दिसतात. रंग ठीक. किडनीवरचा निघायला लागलाय पण पोरीने तो नखाने खरवडलाय, त्यात कंपनीची चूक नाही.

आता तक्रार. यात कशाचाच कशाला पत्ता नाही. हृदय एका खुंटीवर, फुफ्फुसं दोन खुंट्यांवर, किडनी पाठीला चिकटलेली, जसं काही भाड्याच्या घरात चार भाडेकरू, दार लावून आपापले. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी दोन सेंटीमीटरवर कापलेली, पुढे ती कुठे जाते? कुठेच नाही. आतड्यातून यकृताकडे जी शीर जाते, जेवणातलं बहुतेक सगळं रक्तात मिसळून आधी यकृताच्या दारात नेऊन टाकते ती, तिचा तर मागमूसही नाही. आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे श्वासपटल. छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा, तोच खाली ओढला जातो म्हणून छातीत जागा होते आणि हवा आत येते. मॉडेलमध्ये त्याच्या जागी एक तपकिरी रेघ रंगवलीय. पोरीने तिसऱ्याच दिवशी विचारलं, आई फुफ्फुस फुगतं बरोबर, पण त्याला फुगवतं कोण? मी रेघेवर बोट ठेवलं. ती म्हणाली, ही?

हा प्रश्न आमच्या घरी नुसता परीक्षेपुरता नाहीये. आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, दोन वर्षं डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. पोरीने लहानपणापासून एकच ऐकलंय की आजोबांच्या किडन्या बिघडल्या. मग तिचे प्रश्न सुरू. किडनी बिघडली तर रक्त वाढायचं इंजेक्शन का देतात? आता हे मलाही आधी माहीत नव्हतं, डायलिसिस सेंटरच्या सिस्टरांनी समजावून सांगितलं होतं. किडनी नुसती गाळणी नाही, ती एक हॉर्मोन बनवते, ते हाडांच्या मगजात जाऊन सांगतं की लाल पेशी बनवा. किडनी गेली की तो निरोप जाणंच बंद, मगज धडधाकट असून गप्प बसतो आणि हिमोग्लोबिन घसरतं. म्हणून तो निरोप बाहेरून सुईने द्यायचा.

व्हिटॅमिन डीचंही तसंच. ऊन लागतं कातडीला, त्यावर पहिलं काम करतं यकृत, दुसरं काम किडनी, मग ते आतड्याला सांगतं कॅल्शियम ओढून घे, आणि फायदा होतो हाडांना. पाच ठिकाणी फाईल फिरते, तहसील कचेरीसारखी, आणि एका टेबलावरचा माणूस रजेवर गेला की काम अडलं. आप्पा रोज सकाळी अंगणात उन्हात बसतात तरी त्यांना त्या गोळ्या वेगळ्या घ्याव्या लागतात, कारण तेच.

आणि शहाळं! आजारी माणसाला भेटायला येताना लोक शहाळी घेऊन येतात, आमच्याकडेही एक पाहुणे चार घेऊन आले, आणि सासूबाईंनी ती अक्षरशः त्यांच्या हातातून काढून घेतली. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, चांगली किडनी जास्तीचं बाहेर टाकते, आप्पांची टाकत नाही, ते रक्तात साठलं की थेट हृदयाचे ठोके बिघडतात. तसंच पाणी जास्त झालं की ते फुफ्फुसात उतरतं आणि रात्री आडवं झालं की धाप लागते. दुखणं किडनीचं आणि धावपळ हृदयाच्या नि फुफ्फुसाच्या डॉक्टरकडे. हे सगळं मी मॉडेल पुढ्यात घेऊन सांगायला बसले आणि हातात काय, तर पाठीला चिकटलेली एक घेवड्याची बी. धडधाकट माणसाच्या किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात, हे त्या बीकडे बघून कुणाला पटेल सांगा.

मग मटणवाल्या मामांची एन्ट्री. रविवारी नेहमी आमचे हे जातात, त्या दिवशी मी पोरीला घेऊन गेले आणि म्हटलं, मामा, फोफसा, दिल, काळीज सगळं अखंड पाहिजे, कापू नका. मामा म्हणाले, "ताई, अखंड कशाला, शिजणार कसं?" सांगितलं शाळेचं आहे. तर त्यांनी गिऱ्हाईकं थांबवून आतून एक लटकवलेलं काढलं आणि तिथेच क्लास सुरू केला. वर श्वासनळी, कड्या-कड्यांची, त्याला दोन्ही फोफसे, मध्ये दिल, खाली पडदा आणि पडद्याला काळीज. सगळं एकाच घोसात, वर धरलं की खालपर्यंत सगळं हलतं. मामा म्हणाले, "हा पडदा कापल्याशिवाय काळीज सुटतच नाही बघ बाळा." पोरगी माझ्याकडे बघायला लागली. हीच ती रेघ!

(गंमत बघा, आपण काळीज तुटलं, काळजाला भिडलं म्हणतो तेव्हा डोक्यात हृदय असतं, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागा, लिव्हर मिळतं. पोरीच्या वहीत यावरून एक मार्क गेलेलाय.)

वजडी (म्हणजे बकरीचं पोट) साफ करायला आणली होती तिच्या बाजूला चिकटलेला एक जांभळट चपटा तुकडा मामांनी दाखवला, "ही तिल्ली." म्हणजे प्लीहा! १३४९ रुपयांत आली नाही ती इथे फुकट बघायला मिळाली. तेव्हा मी घरी येऊन वाचलं की ती करते काय. म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी तिथे मोडीत निघतात, त्यातलं लोखंड परत हाडांच्या मगजाकडे नव्या पेशींसाठी, आणि उरलेला पिवळा रंग शिरेने यकृतात, तिथून पित्तात, पित्तातून आतड्यात, आणि शेवटी संडासला जो रंग असतो तो त्याचाच. कावीळ झाल्यावर डोळे पिवळे होतात ते ही वाट कुठेतरी तुंबते किंवा पेशीच जास्त मोडतात म्हणून. पोरीला हे इतकं आवडलं की जेवताना सगळ्यांना सांगितलं. सासूबाई ताटावरून उठल्या.

घरी मागच्या मोरीत (स्वयंपाकघरात परवानगी मिळाली नाही) श्वासनळीत प्लास्टिकची नळी घालून, सुतळीने आवळून, सायकलच्या पंपाने हवा भरली. मंडळी, हे एकदा करून बघाच. तो मळकट, लिबलिबीत फोफसा फिकट गुलाबी होत होत एवढा मोठा फुगतो की मधलं हृदय दिसेनासं होतं, आणि पंप सोडला की आपोआप बसतो, दाबावं लागत नाही. पोरगी म्हणाली, म्हणजे श्वास घ्यायला मेहनत, सोडायला नाही. मी नव्हतं सांगितलं हे. मग एक तुकडा कापून बादलीत टाकला, तरंगला. काळजाचा टाकला, बुडाला. हात मात्र साबणाने दोनदा धुवा आणि ते नंतर खायला वापरू नका, आम्ही गल्लीतल्या कुत्र्याला शिजवून घातलं.

वजडीचाही एक तुकडा बघितला, आतून टर्किश टॉवेलसारखी. बकरीच्या पोटाचे चार कप्पे असतात हे आपण पाठ केलेलं, पण का ते कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या मोठ्या कप्प्यात जंतू गवत आंबवतात, त्यातून जी आम्लं निघतात ती त्या टॉवेलच्या लव्यांमधून रक्तात शोषली जातात आणि यकृत त्यातून साखर बनवतं. आणि रवंथ करताना जी एवढी लाळ सुटते ती खायच्या सोड्यासारखं काम करते, नाहीतर ते पोट पार आंबट होऊन जंतूच मरतील. म्हणजे तोंड पोटाला सांभाळतं, पोट यकृताला, यकृत सगळ्यांना.

पुढच्या रविवारी कोंबडी. तिला तो पडदा नाहीच, फुफ्फुसं बरगड्यांमध्ये घट्ट रुतलेली, फुगत जवळजवळ नाहीत, हवा फिरवायचं काम वेगळ्या पातळ पिशव्या करतात आणि त्या काही हाडांच्या आतपर्यंत गेलेल्या असतात. दात नाहीत म्हणून पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, खडे. लघवी-संडास एकाच दाराने, विष्ठेतला पांढरा भाग ती लघवीच. हे सगळं कापलेल्या कोंबडीत नीट दिसत नाही, पिशव्या फाटूनच जातात, त्यामुळे बकरीएवढी मजा आली नाही.

या सगळ्यानंतर पोरीने स्वतःच एक जुगाड केला, पाण्याच्या बाटलीचं बूड कापलं, तिथे कापलेला मोठा फुगा ताणून बसवला, वरून स्ट्रॉला लहान फुगा बांधून आत सोडला आणि झाकणाची फट चिकणमातीने बंद केली. खालचा फुगा ओढला की आतला फुगतो. १० रुपये खर्च. आता ती बाटली मॉडेलच्या शेजारी ठेवलीय आणि खरं सांगायचं तर पाहुणे बाटलीलाच हात लावतात.

मग घ्यावं का? सहावी ते आठवीच्या मुलांना कुठे काय आहे एवढं कळायला घ्या, पैसे अगदीच वाया नाही जात. अकरावी-बारावी आणि नीटवाल्यांनी या साईजच्या नादी लागू नका, स्वादुपिंड आणि ग्रंथी इतक्या बारीक आहेत की खडा लागल्यासारख्या वाटतात, मेंदू तर दोन तुकड्यांत उरकलाय आणि मज्जारज्जू मानेतच संपतो. सोबतच्या कागदावर नावं इंग्रजीत आणि चिनीत, आम्ही त्यावर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या. पोटाचे पार्ट काढताना वरून जोर लावू नका, आमची एक खुंटी मोडली.

आणि हो, प्लीहा. कस्टमर केअरला चॅट केलं, एक पार्ट आला नाही. तिकडून, मॅम प्रॉडक्टचा फोटो पाठवा. पाठवला. मॅम मिसिंग पार्टचा फोटो पाठवा. म्हटलं, अरे दादा, जो आलाच नाही त्याचा फोटो कसा काढू? शेवटी यादीवर गोल करून पाठवलं, रिप्लेसमेंट मंजूर झाली, अकरा दिवसांनी छोटं पार्सल आलं. पोरीने उघडलं. आत हृदय. अजून एक. परत तक्रार करायची माझ्यात ताकद नाही, त्यामुळे सध्या आमच्या माणसाला प्लीहा नाही पण हृदयं दोन आहेत. कोणाकडे याच मॉडेलची प्लीहा जास्तीची आली असेल तर कळवा, अदलाबदल करू.