नवीन म्हणून घेतलेली हार्ड डिस्क साडेतीन वर्षं चाललेली निघाली

गणपतीच्या आधी आमच्या घरच्या कॉम्प्युटरमधून टक टक आवाज यायला लागला. आधी वाटलं पंख्यात पाल अडकली, पण ती हार्ड डिस्क होती. त्यात बाबांचे आंब्याच्या पेट्यांचे सगळे हिशेब आणि घरचे फोटो, त्यामुळे मी घाबरून दुसऱ्याच दिवशी आख्खा सीपीयू स्कूटीवर पायात धरून देवगडला नेला. दुकानदार काकांच्या ओळखीचा, म्हणून बाकी कुठे विचारलं पण नाही. एक टीबीची नवीन डिस्क, डेटा कॉपी करून, 3200 रुपये. बिल म्हणून वहीतला कागद, त्यावर फक्त 'एचडीडी' आणि रक्कम. जुनी डिस्क मागितली तर म्हणाला, ती मेली, भंगारात टाकतो. मी मान हलवून आलो, मूर्ख.

घरी आल्यावर दोन दिवस बरं चाललं. मग कधी सुरू होताना काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही असा मेसेज, कधी एक्सेल उघडताना पाच पाच मिनिटं नुसतं गोल फिरतंय आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के. दुकानात फोन केला तर, "खारी हवा रे, तुझो बोर्ड गेलो आसतलो, घेऊन ये, दुसरो टाकूया." समुद्र जवळ आहे, पत्रे गंजतात, सायकलची चेन गंजते, त्यामुळे हे कोणालाही पटतं. मलाही पटलं.

पण बोर्डाचे, म्हणजे मदरबोर्डाचे, पैसे ऐकून आधी स्वतः बघूया म्हटलं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बूट ऑर्डर (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम) बघितली, ती बरोबर होती. डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदलली, दुसऱ्या पोर्टला लावून बघितली. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले, ते पुतणीच्या कंपासमधलं होतं, ती अजून रागात आहे. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, पण मित्राचा आणून लावला. पंधरा दिवस गेले यात, आणि डिस्कवर संशयच नाही कारण ती नवीन ना! बाबा मात्र रोज चहा घेताना तेच विचारायचे, "नवीन घेतलंस मां, मगे?"

शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, मिनिटात चालतं. वर पिवळा चौकोन, 'कॉशन'. पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कचे नीट वाचता न येणारे भाग, शून्य पाहिजेत ते नव्हते. आणि उजव्या बाजूला पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिलेले तास, 30912. चोवीसने भागलं तर 1288 दिवस, म्हणजे साडेतीन वर्षं. त्याच्याच वर पॉवर ऑन काउंट, म्हणजे किती वेळा चालू केली, फक्त 97. घरचा कॉम्प्युटर तर रोज चालू-बंद होतो. इतके तास आणि इतक्या कमी वेळा चालू म्हणजे रात्रंदिवस न थांबता फिरलेली डिस्क, माझ्या मते कुठल्यातरी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरमधली. मग बाहेर काढून टॉर्चमध्ये बघितली तर स्क्रूच्या भोकांना आधीचे घासलेले वळ, साटाच्या पट्ट्यांवर रेघा. सिरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकला, वॉरंटी कधीच संपलेली. (एक टीबीच्या जागी 931 जीबी दिसतात ती मात्र फसवणूक नाही हां, कंपनी हजारने मोजते आणि विंडोज 1024 ने.)

तास शून्य दिसले म्हणूनही लगेच खूश होऊ नका, ते आकडे पुसता येतात. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकलेल्या सापडल्या, स्मार्टचे (डिस्क स्वतः ठेवते त्या नोंदीतले, हे सॉफ्टवेअर तेच दाखवतं) तास पुसलेले होते पण फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत खरे तास राहिले होते. म्हणून सिरियल नंबर सगळ्यात आधी तपासा, तोही पैसे द्यायच्या आधी, दुकानातच, आणि तोच नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या.

माझ्या कागदावर तो नंबर नव्हता. दुकानात स्क्रीनचा फोटो दाखवला तर म्हणाला, "सॉफ्टवेअर काय पण दाखवता." ही डिस्क माझ्याकडचीच कशावरून, हे पण वर. 1915 वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनला फोन करतो म्हटल्यावर जरा नरमला, काकांना मध्ये घातलं, आणि 2000 परत मिळाले. बाकीचे कॉपीची मजुरी म्हणे.

मग मी जुनी डिस्क मागितली. भंगारात गेली म्हणणारा माणूस आत जाऊन कोकम सरबताच्या बाटल्यांच्या खोक्यातून ती घेऊन आला, खोक्यात तशा आणखी दहा-बारा तरी होत्या. आमच्या डिस्कवर बाबांनी मार्करने आडनाव लिहिलेलं. ते थिनरने अर्धं पुसलेलं होतं.