गोळ्या बंद झाल्या, बधिरपणा राहिला: पुण्यातल्या एका सेक्शुअल मेडिसिन क्लिनिकचा रिव्ह्यू

साडेतीन स्टार. जास्त दिले असते पण रिसेप्शनबद्दल खाली लिहिलंय ते वाचा. आणि आधीच सांगते, इथे जाऊन मी बरी झालेले नाही, तरी जा म्हणतेय.

बॅकग्राउंड थोडक्यात. बाळ पाच महिन्यांचं असताना मला पॅनिक अ‍ॅटॅक यायला लागले, रात्री उठून बाळाचा श्वास चालू आहे ना बघत बसायचे. सायकियाट्रिस्टने एस्सिटालोप्रॅम दिली. गोळीने काम केलं हे कबूल, मी माणसात आले. पण पहिल्या आठवड्यातच खाली सगळं बधिर. इच्छा कमी होणं वेगळं, घरात लहान मूल असलं की कोणाला इच्छा असते, ते मी धरतच नाहीये. हे म्हणजे दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावून बघतो ना, हात लागतोय हे कळतं पण गाल आपला वाटत नाही, तसं. ऑरगॅझम तर आला काय नि न आला काय. डॉक्टर म्हणाले गोळी थांबली की जाईल. मग त्यांच्याच देखरेखीखाली डोस हळूहळू कमी करत गोळी बंद केली, पॅनिक परत आलं नाही पण हे काही गेलं नाही, वर्ष उलटून गेलं तरी तसंच.

मग सुरू झाली वारी. सायकियाट्रिस्ट म्हणाले गोळी शरीरातून केव्हाच निघून गेली, आता हे मनातलं आहे. गायनॅक मॅडमनी विचारलं मूल झालंय ना, मग कशाला एवढा विचार करता. सासूबाईंना अर्थातच काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांच्या ओळखीच्या वैद्यांकडून "अशक्तपणासाठी" म्हणून शतावरी कल्प आला, तो गोड लागतो म्हणून संपवला. आणि फोनवर एकदा हे सर्च केलं की ज्या जाहिराती मागे लागतात त्या सगळ्या पुरुषांच्या, घोडा, सिंह, रॉकेट. लैंगिक ताकद वाढवतो म्हणणाऱ्या औषधांची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे म्हणे. असेल बाबा.

तर हे क्लिनिक. डेक्कनच्या बाजूला, दुसरा मजला, लिफ्ट आहे. रिसेप्शनवरच्या मुलीने भरलेल्या वेटिंग रूममध्ये खणखणीत आवाजात विचारलं, "ताई, प्रॉब्लेम काय आहे? मिस्टरांना आहे का?" सगळ्या माना एकदम मोबाइलमध्ये. हातात जो फॉर्म दिला त्यात "पत्नीचे नाव", "ताठरता किती वेळ टिकते", "वीर्याचे प्रमाण". दोन पानं. मी नाव, वय नि फोन भरून बाकी कोरं ठेवलं. अहो तुमच्याकडे बायका येतच नाहीत का? याचा एक स्टार गेला. उरलेला अर्धा वेटिंगचा, साडेपाचची अपॉइंटमेंट आणि आत गेले पावणेसात वाजता.

आतल्या डॉक्टर मॅडमनी तो फॉर्म बघितला, उभी रेघ मारली, कोरा कागद घेतला आणि म्हणाल्या, "हं, सांगा पहिल्यापासून." आणि मग खरंच ऐकलं. गोळी कधी सुरू, कितव्या दिवशी बधिर वाटलं, डोस वाढल्यावर वाढलं का, बंद केल्यावर कमी झालं का, सिझर की नॉर्मल, टाके, अंगावर पाजणं कधी थांबवलं. कारण पाजताना प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं नि इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं त्यानेही कोरडेपणा येतो, इच्छा जाते, आणि नॉर्मल डिलिव्हरीत नस ताणली गेली तर तिथली संवेदना कमी होऊ शकते, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. माझं सिझर होतं आणि पाजणंही कधीच थांबलं होतं, तरी त्यांनी थायरॉइड, प्रोलॅक्टिन, शुगर, बी१२ सगळं करून घेतलं. तपासणी नर्सताईंसमोर, आधी विचारून. कापसाचा बोळा, मग थंड स्टीलचा चमचा, मांडीवर कसं लागतं आणि तिथे कसं लागतं, डोळे मिटून सांगायचं. मांडीवर थंड, तिथे नुसतं "काहीतरी". रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. एरवी नॉर्मल रिपोर्ट म्हणजे डॉक्टर आपल्याला वाटेला लावतात, इथे मॅडम म्हणाल्या की आता नाव देता येईल.

नाव पीएसएसडी. म्हणजे एसएसआरआय जातीच्या (डिप्रेशन-घबराटीवरच्या, माझी एस्सिटालोप्रॅम त्यातलीच) गोळ्या थांबवल्यावरही राहिलेला लैंगिक त्रास. मेडिकल जर्नल्समध्ये याबद्दल २००६ पासून लिहिलं जातंय, युरोपच्या औषध नियामकांनी २०१९ मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात "बंद केल्यावरही त्रास चालू राहू शकतो" हे घालायला सांगितलं, कॅनडाने २०२१ मध्ये तेच. मॅडमनी कॉम्प्युटरवर युरोपातलं पत्रक उघडून दाखवलं, ती ओळ वाचून मला ढसाढसा रडू आलं, टिशूचा बॉक्स टेबलावर होता हे बरं. आपल्याकडे केमिस्ट कात्रीने पट्टी कापून पाच गोळ्या पाकिटात घालून देतो, पत्रक कुठून बघणार! "मनातलं आहे का?" असं मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "डिप्रेशनने इच्छा जाते, कातडी बधिर होत नाही."

आता मुद्द्याचं. उपाय? खात्रीचा उपाय आज नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलं. काहींचं हळूहळू कमी होतं, काहींचं राहतं, नेमकं का होतं ते अजून पक्कं कळलेलं नाही. ब्युप्रोपिऑन ही डिप्रेशनची वेगळ्या जातीची गोळी काहींना देतात पण त्याने घबराट वाढू शकते, माझी हिस्ट्री बघता घाई नको म्हणाल्या, मलाही नकोच होती. पावडर नाही, पॅकेज नाही, "तीन महिन्यांचा कोर्स" नाही, आत औषधाचं काउंटरसुद्धा नाही. पहिली फी १८००, तासभर वेळ. फॉलोअप १०००. याआधी जे घालवले त्याच्या मानाने काहीच नाही.

खरा फायदा झाला तो नवऱ्याला घेऊन गेले तेव्हा. तो खुर्चीत आखडून बसला होता, बराच वेळ ऐकून शेवटी म्हणाला, "म्हणजे माझं काही चुकत नाहीये ना?" इतके महिने हा त्याच विचारात, आणि मी त्याला वाईट वाटू नये म्हणून खोटं खोटं सगळं छान चाललंय दाखवत होते, आणि ते त्याला कळत होतं! मॅडमनी गृहपाठ दिला, मास्टर्स-जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७०च्या सुमारास काढलेली पद्धत आहे म्हणे. संबंध बंद, नुसता स्पर्श, एकाने करायचा दुसऱ्याने फक्त सांगायचं कसं लागतंय, छाती आणि खालचा भाग वर्ज्य. पहिल्या वेळी आम्ही दोघं हसतच सुटलो नि बाळ उठलं. पण नंतर कळलं की मान, डोक्याची कातडी, पाठीचा कणा, इथलं सगळं शाबूत आहे. आता तो डोक्याला कोमट तेल लावून देतो आणि ते पुढच्या कशाची तरी तयारी म्हणून नसतं, हे फार बरं वाटतं. खालचा बधिरपणा किंचित कमी झालाय असं कधी वाटतं, कधी नाही. मसाजरबद्दलही मॅडमनी भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं, थोडा उपयोग होतो.

आणखी दोन कामं त्यांनी केली. एक, पॅनिक परत आलं तर काय करायचं ते फाइलमध्ये लिहून ठेवलं, आधी सीबीटी थेरपी (बोलून विचारांच्या सवयी बदलायची), गोळी लागलीच तर ही जात टाळून दुसरी. दोन, साइड इफेक्टची सरकारी नोंद. गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनचा पेशंटसाठी फॉर्म आहे, मराठीतही आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. पेशंट स्वतः कळवू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

हे वाचून कोणी चालू गोळी फटकन बंद करू नका हं, विड्रॉवल, म्हणजे गोळी एकदम थांबवल्याचा त्रास, फार वाईट असतो, आणि सगळ्यांना असं होतही नाही. डॉक्टरांना आधी विचारा, ऐकत नसतील तर दुसरे बघा.

जाताना जुनी प्रिस्क्रिप्शन्स तारखांसकट न्या. शनिवारी जाऊ नका, पार्किंग मिळत नाही. फॉलोअप ऑनलाइन होतो पण घरात दार लागणारी खोली हवी, आम्ही टूबीएचकेत पाच माणसं, मी गच्चीवरून घेते, आणि नेमक्या शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला येतात, मग मॅडम तिकडून आपणहून थायरॉइडबद्दल बोलायला लागतात.